बऱ्हाणपूरच्या राहत्या घरांचं काय?

मराठी वाचकाला मध्य प्रदेशातलं बऱ्हाणपूर परकं नाही. पुरंदरचा तह घडवून आणणारा मिर्झाराजे जयसिंग १६६७ मध्ये इथंच वारला. संभाजी महाराज गादीवर आल्यावर मराठी फौजांनी १६८१च्या सुरुवातीलाच या शहराची श्रीमंत पुरं लुटली. पहिला निजाम आसफजाह १७४८ मध्ये इथंच मरण पावला. १७६०च्या उदगीरच्या लढाईनंतर शहर पेशव्यांकडे आलं, मग शिंद्यांकडे गेलं. मुमताज महल १६३१ मध्ये इथंच बाळंतपणात गेली आणि तापीपलीकडच्या झैनाबादेत सहा महिने तिचा देह पुरलेला होता, ही गोष्ट तर प्रत्येक प्रवासी पुस्तिकेत असते. या आठवणी बहुतेक मरणाच्या आणि स्वाऱ्यांच्या आहेत. बऱ्हाणपुरातल्या संरक्षित वास्तूंची यादी पाहिली तर तीही तशीच दिसते. फारूकी सुलतानांच्या कबरी, मोगल सरदार अब्दुर्रहीम खानखानाचा मुलगा शाहनवाझ खान याचा मकबरा, शाह शुजाच्या बेगमेची रंगीत नक्षीची कबर, जयसिंगाची छत्री, मुमताजचा देह जिथं ठेवला तो आहूखाना. शाही किल्ल्यातला महाल सोडला तर यादीत बहुतेक मेलेल्यांचीच घरं. जिथं माणसं राहिली, विणली, व्यापार केला, भांडली आणि नांदली, त्या घरांची कोणत्याच वहीत नोंद नाही. बऱ्हाणपूर जपायचं तर या घरांपासून सुरुवात करावी लागेल, आणि ती घरं स्मारकं करून वाचणार नाहीत. ती राहती ठेवली तरच वाचतील.

ही घरं वहीबाहेर राहिली याला कुणाची दुष्टबुद्धी कारण नाही. आपले कायदेच तसे घडले आहेत. प्राचीन स्मारकांचा पहिला देशव्यापी कायदा १९०४चा. आज लागू आहे तो १९५८चा, आणि २०१० मध्ये त्यात दुरुस्ती झाली. हा कायदा एकेकटी वास्तू पाहतो. तिला कुंपण घालतो, फलक लावतो, भोवतीच्या १०० मीटरांत नवं बांधकाम बंद करतो आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीची अट घालतो. एकट्या उभ्या असलेल्या मकबऱ्याला हे ठीक आहे. दाट वस्तीत मात्र यातून भलतंच घडतं. स्मारकाशेजारच्या माणसाला स्वतःच्या घराची डागडुजी करायलाही कागद नाचवावे लागतात, मग शेजारची ती कबर त्याला शहराचा ठेवा वाटत नाही, अडचण वाटते. त्याचं स्वतःचं घर दीडशे वर्षांचं असलं तरी त्या घराला या कायद्यातून काहीच मिळत नाही. बऱ्हाणपूरच्या किल्ल्यातला महाल, शाह शुजाची कबर, नादिरशहाची कबर आणि बीबी साहिब मशीद या वास्तू वक्फच्या की पुरातत्त्व खात्याच्या, हा वाद थेट जबलपूरच्या उच्च न्यायालयात गेला, आणि २०२४ मध्ये निकाल खात्याच्या बाजूनं लागला. त्या वास्तूंसाठी निदान कुणीतरी भांडलं. शनवारा किंवा इतवारा भागातल्या सागवानी घरासाठी भांडायला त्याच्या वारसांशिवाय कुणी नाही, आणि ते वारस बहुधा आपसातच भांडत असतात.

घर वापरात राहिलं तर टिकतं, हे बऱ्हाणपूरकरांना बाहेरून येऊन कुणी शिकवायची गरज नाही. त्याचा सगळ्यात मोठा दाखला त्यांच्याच पायांखाली आहे. अब्दुर्रहीम खानखाना सुभ्यावर असताना, १६१५च्या सुमारास, तबकुतुल अर्झ या इराणी जाणकारानं सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारं पाणी जमिनीखालीच अडवून शहराकडे वळवण्याची योजना आखली. असे एकूण आठ भंडारे झाले. त्यांतला कुंडी भंडारा, म्हणजेच खूनी भंडारा, शंभराहून जास्त कुंड्यांचा आहे. थोड्या थोड्या अंतरावर विहिरीसारखी एकेक कुंडी, आणि खोल जमिनीत त्या सगळ्यांना जोडणारं भुयार. कुठं मोट नाही, पंप नाही. भुयाराला अगदी हलका उतार दिलेला, त्यामुळे पाणी आपल्याच वजनानं पुढं सरकतं. कुंड्या हवा खेळती ठेवतात आणि आत उतरून गाळ काढायलाही उपयोगी पडतात. तेव्हापासून चारशे वर्षांत इथली राज्यं किती वेळा बदलली ते वर आलंच आहे. पण पाणी सगळ्यांनाच लागायचं, म्हणून प्रत्येकानं भंडारा चालू ठेवला. लालबाग भागात त्याचं पाणी आजही वापरात आहे. भुयारात चुनखडीचे थर साचून वाट अरुंद होते आहे हा धोका आहेच, पण वापर आहे म्हणूनच तो धोका लक्षात तरी येतो. २०२४ मध्ये हा भंडारा युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेला. आता याच शहरातला शाही हमामखाना पाहा. त्याच्या छतावर अप्रतिम चित्रकाम आहे, पण तिथं शतकानुशतकं कुणी अंघोळ केलेली नाही. तो केवळ पाहण्याचा उरला, आणि भोवतालचा किल्ला बराचसा पडला. फारूकी सुलतान राजा अली खानानं सोळाव्या शतकाच्या शेवटी बांधलेली जामा मशीद मात्र ठणठणीत आहे, कारण तिथं रोज माणसं येतात. तिच्या भिंतीवर अरबी लेखासोबत संस्कृत लेख आहे. त्यात विक्रम संवत आणि शक घालून फारूकी घराण्याची वंशावळ दिली आहे. या शहराची पाळंमुळं कुणाच्या वाट्याची असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांनी तो लेख जरूर पाहावा.

इथं एक आक्षेप येतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. ही घरं तरी एवढी जुनी कुठं आहेत? आक्षेप खरा आहे. १६१५ मध्ये सर टॉमस रो शहजादा परवेझला भेटायला इथं आला, तेव्हा मोजक्या वाड्यांपलीकडे त्याला मातीची घरंच दिसली. ताव्हर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात दोनदा इथून गेला. त्यानं शहर बरंच पडझड झालेलं आणि घरं बहुतेक गवतानं शाकारलेली असल्याचं नोंदवलं. पण त्याच ताव्हर्निएनं हेही लिहून ठेवलं की इथलं सोन्यारुप्याच्या जरीचं झिरझिरीत कापड इराण, तुर्कस्तान, मॉस्को, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जातं. ज्यांच्या हातचं कापड जगभर गेलं, ते स्वतः गवताच्या छपराखाली राहत होते. सामान्य बऱ्हाणपूरकराला विटेचं आणि सागवानाचं घर मिळालं ते बहुतेक नंतर, मराठा अमलात आणि त्यानंतर. १८७० मध्ये मुंबई-जबलपूर लोहमार्ग पुरा झाला, मग कापसाचा पैसा गावात येऊ लागला. म्हणून ही घरं मोगल नाहीत हे त्यांच्यातलं उणं नव्हे. मोगल बादशाहीनं या शहरात स्वतःसाठी काय बांधलं ते मकबऱ्यांतून कळतं. तिच्या पश्चात शहरानं स्वतःसाठी काय बांधलं ते या घरांतूनच कळतं, आणि ते सांगणारा दुसरा पुरावा आपल्याकडे जवळजवळ नाही.

या पट्ट्यातलं जुनं घर नीट पाहिलं तर बांधणाऱ्याचं शहाणपण दिसतं. खाली दगडी जोतं. त्यावर सागवानी खांब, पण जमिनीत पुरलेले नाहीत, घडीव दगडी बैठकीवर नुसते टेकवलेले, म्हणजे ओल लाकडात चढत नाही. खांबावर तुळया, तुळयांवर कडीपाट. सगळे सांधे एकमेकांत अडकवलेले. भार लाकडी सांगाड्यावर असतो, भिंत बरीचशी नुसती आडोसा असते. त्यामुळे एखादी भिंत खचली तरी घर उभं राहतं, ती भिंत उतरवून परत चढवता येते. रस्त्याकडे ओटा, आत चौक, भिंतीत देवळ्या आणि कोनाडे. तापीकाठच्या मे महिन्यात जाड भिंत आणि चौकातून वर जाणारी गरम हवा यांचा किती आधार असतो, हे पंखा नसलेल्या काळात बांधलेल्या घरालाच माहीत. अशा घराचा घात बहुतेकदा दुरुस्तीच्या नावाखालीच होतो. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढला की भिंतीतली ओल बाहेर पडेनाशी होते. ती आतच मुरते, विटा भुसभुशीत होतात, तुळईचं टोक भिंतीत शिरतं नेमकं तिथंच लाकूड कुजतं. वरून गच्चीसाठी स्लॅब टाकला की ज्या सांगाड्यानं शंभर वर्षं हलकं छप्पर पेललं, त्याच्यावर कित्येक पट ओझं येतं. मग एका पावसाळ्यात घर बसतं आणि लोक म्हणतात, जुनं होतं, पडलं.

राहणाऱ्यांची बाजू न ऐकता हा विषय मांडणं मात्र अन्यायाचं होईल. १९०१च्या गणतीत बऱ्हाणपूर ३३ हजारांच्या घरात होतं. २०११ मध्ये ते २ लाख १० हजारांवर गेलं. त्याच गल्ल्या, त्याच निजामानं १७३१ मध्ये घातलेल्या तटाच्या आतला पसारा, आणि माणसं सहापट. घराचे सहा-आठ वारस, कुणी इंदूरला, कुणी मुंबईला. सातबाऱ्यासारखा सरळ कागद नाही. भाडेकरू १९६१च्या स्थान नियंत्रण कायद्याच्या आडोशाला, भाडं जुनं, त्यात कौलंसुद्धा बदलून होत नाहीत. अनेक मोहल्ल्यांत घरातच यंत्रमाग चालतात, त्यांच्या हादऱ्यानं सांधे सुटतात, पण चूलही त्याच मागावर पेटते. अशा माणसाला वारसा जपा असं सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून दानधर्म करणं. घर जपल्याचा फायदा सगळ्या शहराला होणार असेल तर खर्चाचा वाटाही शहरानं उचलायला हवा. हे तत्त्व मान्य केलं तरच पुढं बोलण्यात अर्थ आहे.

हे इतरत्र कसं जमलं ते पाहू. मुंबईनं १९९५ मध्ये वारसा नियमावली केली, वास्तूंच्या श्रेणी पाडल्या, आणि एकेकट्या वास्तूंबरोबर वस्त्यांनाही तिच्या कक्षेत घेतलं. अहमदाबाद महापालिकेनं १९९६ मध्ये स्वतंत्र वारसा कक्ष उघडला, पुढच्याच वर्षी पोळांतून, म्हणजे जुन्या वस्त्यांतून, वारसा फेरी सुरू केली, लाकडी घरांची नोंद केली. २०१७ मध्ये ते जागतिक वारसा शहर झालं. घर राखणाऱ्याला तिथं न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकता येतो. बऱ्हाणपुरात हाच उपाय जसाच्या तसा चालेल असं मला वाटत नाही. हक्क विकत घ्यायला जमिनीची तेवढी मागणी लागते, ती मुंबई-अहमदाबादेत आहे, इथं नाही. मलेशियातलं जॉर्जटाऊन बऱ्हाणपूरला जास्त जवळचं आहे. तिथं भाडेनियंत्रण उठवल्यावर २००० नंतर जुन्या दुकानघरांतले भाडेकरू मोठ्या संख्येनं निघून गेले. घरं उभी राहिली, वस्ती ओस पडली. नंतर थिंक सिटी या संस्थेनं २००९ पासून मालकांना दुरुस्तीसाठी छोटी अनुदानं द्यायला सुरुवात केली. म्हणजे भाडेकरू हुसकावणं हा घर वाचवण्याचा मार्ग नाही, आणि थोडा पैसा योग्य जागी पडला तर बरंच काम होतं. केंद्राच्या भरवशावर राहण्यातही अर्थ नाही. २०१५च्या हृदय योजनेत देशातली १२ शहरं होती, त्यांत मध्य प्रदेशातलं एकही नव्हतं.

जुन्या घरात आजच्या माणसानं राहायचं कसं, असाही प्रश्न विचारला जातो. संडास, बाथरूम, विजेची नीट वायरिंग, मुलांसाठी वेगळी खोली हे सगळं हवंच, आणि ते जुन्या घरात बसवता येतं. मागच्या बाजूला नवी खोली निघू दे, चौकाच्या कोपऱ्यात मोरी होऊ दे. सांगाडा, ओटा, रस्त्याकडचं तोंड आणि चौक एवढं टिकलं तरी घर टिकलं म्हणायला हरकत नाही. जो नियम यापेक्षा जास्त मागेल तो कुणी पाळणार नाही. आणि ही मोगलांची आठवण कशाला जपायची, असं म्हणणाऱ्यांनी गल्ल्या पाहाव्यात. जयसिंगाची छत्री, गुरू गोविंदसिंगांच्या मुक्कामाचा गुरुद्वारा, बोहऱ्यांचा दर्गाह-ए-हकीमी, कबीरपंथी मठ, स्वामिनारायण मंदिर, हे सगळं याच शहरात आहे. त्यांच्या मधली घरं विणकरांची, सोनारांची, सावकारांची, मराठी कारकुनांची आहेत. त्यांचा कुठल्या एका सल्तनतीशी संबंध जोडताच येत नाही.

तेव्हा महानगरपालिकेनं पहिलं काम कागदाचंच करावं. गल्लीनिहाय नोंद, प्रत्येक घराचा फोटो, लाकडी सांगाड्याची अवस्था, मालक किती, भाडेकरू किती. त्याला मोठा खर्च नाही, वास्तुकलेचे विद्यार्थी आणि गावातलेच चार जुने मिस्त्री हे करू शकतात. नोंद झालेल्या घराला मालमत्ता करात सूट आणि छपराच्या दुरुस्तीसाठी छोटं अनुदान द्यावं. अट एकच, काम चुन्यात आणि लाकडात व्हावं आणि घर राहतं असावं. जीर्ण इमारतीची नोटीस काढण्याआधी दुरुस्तीचा अंदाज काढणं बंधनकारक करावं. कारण नोटीस आली की माणूस घाबरून पाडतो, आणि पाडल्यावर सागवान विकलं जातं ते कायमचं. चुना मळणारा गवंडी आणि जुना सांधा उकलून परत बसवणारा सुतार आज थोडेच उरलेत. म्हणून अनुदानाच्या प्रत्येक कामावर एखादा तरुण शिकाऊ ठेवायची अट घालावी. चुना आधी काही आठवडे भिजत घालावा लागतो आणि पावसात त्याचं काम होत नाही. पाहणी पावसाळ्यातच करायला हवी, कारण छप्पर कुठं गळतं ते तेव्हाच दिसतं. यादी आणि पैसा दिवाळीपर्यंत तयार असला, तर दिवाळी ते होळी हे चार महिने कामाचे मिळतात.