डबीबंद वेताळ

१९३८ साली अमेरिकेत दहा सेंटला विकला गेलेला ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक एप्रिल २०२४ मध्ये लिलावात ६० लाख डॉलरला गेला. आपल्या हिशेबात साधारण पन्नास कोटी रुपये. सुपरमॅन पहिल्यांदा अवतरला तो हा अंक. कडक पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत बंद केलेला, वर लेबल, आणि लेबलावर गुण: दहापैकी साडेआठ.

अशी बातमी गोंदिया, आमगाव किंवा तिरोड्यातल्या साठीच्या वाचकापर्यंत पोचली, की त्याला सुपरमॅनपेक्षा वेताळ आधी आठवतो आणि पाठोपाठ माळ्यावरची पेटी आठवते.

टाइम्स ऑफ इंडियावाल्या बेनेट कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली आणि ती १९९० पर्यंत चालली. ली फॉकचा फँटम मराठीत वेताळ झाला, जोडीला मँड्रेक आला, १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला. गोंदिया हे मुंबई-हावडा मार्गावरचे जंक्शन. एका अंगाला बालाघाट, दुसऱ्या अंगाला राजनांदगाव, दोन्ही हिंदी मुलूख. त्यामुळे इथल्या पेट्यांत मराठी आणि हिंदी इंद्रजाल एकमेकांना खेटून सापडली तर नवल नाही. पहिल्या पानावर पोराने शाईने नाव-पत्ता घातलेला असेल, तर तो ‘जि. भंडारा’ असाच असणार. गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ ला, आणि तोवर इंद्रजाल बंद पडून नऊ वर्षे उलटली होती. घरच्यांना हा पत्ता कितीही जिव्हाळ्याचा वाटो, गुण देणाऱ्याच्या लेखी तो डागच.

हे गुण देणारी सर्वांत नावाजलेली कंपनी म्हणजे फ्लोरिडातली सर्टिफाइड गॅरंटी कंपनी, थोडक्यात सीजीसी. ती २००० साली सुरू झाली. त्याआधी विकणारा ‘एकदम नव्यासारखा’ म्हणायचा, घेणारा नाक मुरडायचा आणि घासाघीस चालायची. सीजीसीचे परीक्षक पाने मोजतात, पिना, कोपरे, कणा, कागदाचा रंग पाहतात, अर्ध्यापासून दहापर्यंत गुण देतात आणि अंक डबीत बंद करतात. संग्राहक या डबीला स्लॅब म्हणतात. लेबलाच्या रंगालाही अर्थ असतो. निळे लेबल साधे, जांभळे म्हणजे अंकाची डागडुजी झालेली, पिवळे म्हणजे कंपनीच्या साक्षीने घेतलेली सही. चित्रकाराने एखाद्या समारंभात प्रेमाने सही करून दिली असेल, पण तिथे कंपनीचा साक्षीदार नसेल, तर ती सही कव्हरावर कुणीतरी काहीतरी लिहिले अशा खात्यात जाऊ शकते.

आपल्याकडच्या पेटीची अडचण मात्र सहीपर्यंत पोचतच नाही. ती बाइंडरपाशीच सुरू होते. त्या काळी ज्या घरात कॉमिक्स सांभाळून ठेवली जात, तिथे ती बहुधा ‘बाइंड’ केली जात. दहा-बारा अंक एकावर एक रचायचे, कण्यालगत टोच्याने भोके पाडून दोरा ओवायचा, खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा आणि शेवटी तिन्ही बाजू कटरखाली धरून एका रेषेत कापायच्या. ग्रंथ देखणा दिसे. पण कडा कापलेला अंक म्हणजे छेडछाड झालेला अंक, त्याचे लेबल जांभळे. बाइंडिंग सोडवून अंक सुटे केले तरी कण्याजवळची भोकांची रांग आणि सुकलेली खळ राहतेच. म्हणजे ज्याने सर्वांत जास्त काळजी घेतली, त्याचेच सर्वांत जास्त नुकसान. या नियमात अन्याय आहे खरा, पण नियम बदलत नाही.

सुटे राहिलेल्या अंकांचे हालही पाहण्यासारखे आहेत. मधले पान उघडून पिनेजवळ बोट ठेवा. धानाच्या या पट्ट्यात पावसाळा चांगला जोरदार असतो; त्या दमट हवेत पिन गंजते, गंजाचा तपकिरी डाग कागदात उतरतो आणि त्या वर्तुळात कागद इतका ठिसूळ होतो की पान उलटताना पिन जागेवर राहते आणि पान हातात येते. वर्तमानपत्री कागद उन्हाळ्यात पिवळा पडतो तो वेगळाच. भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयाचा शिक्का, फाटलेल्या कण्यावर चिकटपट्टी, कुणीतरी पेनने सोडवलेले कोडे, हे सगळे गुण खाणारेच. अमेरिकेतही हेच. १९७४ चा ‘हल्क’ मालिकेतला १८१ वा अंक वुल्वरिन या पात्रामुळे महाग आहे, पण त्याच्या आत कापून ठेवायचे छोटे चित्र छापले होते. पोरांनी ते कापले. कव्हर झकपक असलेली, पण तेवढा चौकोन गायब असलेली प्रत किमतीत धाडकन खाली येते.

मग कुणी म्हणेल, पेटीतले जाऊ द्या, तयार स्लॅबच विकत घेऊन चढ्या भावाने विकावा. इथे खरे खड्डे आहेत.

पहिला खड्डा दुर्मिळतेचा. विक्रेता सांगतो, ‘या अंकाची गुण मिळालेली जगातली ही एकमेव प्रत.’ विधान खरेही असते. सीजीसी आपण गुण दिलेल्या प्रतींची मोजदाद जाहीर करते आणि तिथे आकडा एकच दिसतो. पण बाकीच्या प्रती नष्ट झाल्या असा त्याचा अर्थ होत नाही. त्या फ्लोरिडाला पाठवण्याच्या भानगडीत कुणी पडले नाही, एवढाच होतो. नागपूरच्या सीताबर्डीवर किंवा मुंबईच्या फोर्टात जुन्या पुस्तकांच्या ढिगात तोच अंक पडलेला असू शकतो. शिवाय अमेरिकी कॉमिक्ससाठी रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांचे किंमत-मार्गदर्शक १९७० पासून निघते आहे. मराठी वेताळाला तसा सर्वमान्य भावफलक नाही. सांगितलेली किंमत ही बऱ्याचदा सांगणाऱ्याची इच्छा असते.

दुसरा खड्डा आवृत्तीचा. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या अमर चित्र कथेचा राम वाईरकरांनी चित्रित केलेला ‘कृष्ण’ हा अकरावा क्रमांक, कारण आधीचे दहा क्रमांक परदेशी परीकथांना गेले होते. हा ‘कृष्ण’ पुढे दशकानुदशके पुन्हा पुन्हा छापला गेला. छापील किंमत, प्रकाशकाचा पत्ता, जाहिराती हे सगळे न पाहता ‘पहिली आवृत्ती’ म्हणून पैसे मोजणारा फसतो. इंद्रजालचा घोळ निराळा. ऐंशीच्या दशकात तिचे सलग क्रमांक थांबून खंड-अंक पद्धत आली, त्यामुळे दर नव्या खंडाबरोबर ‘अंक १’ परत येतो. जाहिरातीत फक्त ‘इंद्रजाल अंक १’ एवढेच लिहिलेले असेल तर कव्हराचा पूर्ण फोटो मागवावा.

तिसरा खड्डा साध्या बेरजेचा. समजा, हजार रुपयांचा अंक आहे. विम्यासह अमेरिकेला पाठवणी, परीक्षणाचे शुल्क, परतीचे कुरिअर, कस्टम्सचा प्रश्न: हे सगळे मिळून अंकाच्या किमतीच्या कितीतरी पट होते. एवढे करून गुण आले साडेतीन, तर तो स्लॅब घेणार कोण? महाग अमेरिकी अंकांनाच हा खर्च पेलतो, आणि तिथेही कायम पेलत नाही. १९९१ चा ‘एक्स-मेन’चा पहिला अंक ऐंशी लाखांहून जास्त खपला. लोकांनी पाच-पाच प्रती गुंतवणूक म्हणून जपल्या. सगळ्यांनीच जपल्यामुळे तो आजही ढिगाने मिळतो. त्या सट्ट्याचा फुगा फुटल्यावर डिसेंबर १९९६ मध्ये खुद्द मार्व्हल कंपनी दिवाळखोरीत गेली. करोनाच्या काळात स्लॅबचे भाव असेच चढले आणि नंतर अनेक अंकांचे उतरले.

आणि डबी तरी अभेद्य कुठे आहे? डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत गाजलेले प्रकरण मुद्दाम समजून घेण्यासारखे आहे. डबीला तडा गेला तर सीजीसी अंक नव्या डबीत घालून देते. त्या वेळी गुण पुन्हा तपासले जात नसत, जुनेच गुण कायम राहत. याचा फायदा घेऊन उच्च गुणांची डबी शिताफीने उघडायची, आतला उत्तम अंक काढून त्याच अंकाची सुमार प्रत आत सरकवायची आणि ‘डबी फुटली’ म्हणून पाठवून द्यायची, असा उद्योग झाला. कंपनीने स्वतःच्या हाताने सुमार अंक नव्याकोऱ्या डबीत, जुन्या उंच गुणांसह बंद करून दिला. बाहेर काढलेली चांगली प्रत पुन्हा गुणांसाठी पाठवायला मोकळी! कंपनीला शेवटी शेकडो संशयित प्रमाणपत्र क्रमांकांची यादी जाहीर करावी लागली. हे उघडकीला आणले ते लेबल न वाचता आतल्या अंकाचे कोपरे न्याहाळणाऱ्या संग्राहकांनी.

आपल्याकडे फसवणुकीचा बाज याहून सरळ असतो. ‘जुनी नोट, जुने नाणे लाखांना घेतो, आधी नोंदणी शुल्क भरा’ हा प्रकार इतका वाढला, की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला आपल्या नावाने मागितले जाणारे शुल्क आणि कमिशन देऊ नका, असे जाहीर करावे लागले. तीच चाल कॉमिक्सच्या पेटीवर खेळायला काही अवघड नाही. विकत घेणारा विकणाऱ्याकडेच आगाऊ पैसे मागू लागला, की तिथेच फोन ठेवावा.

एवढ्यावर पेटी रद्दीत घालायचे कारण नाही. भारतातले बहुतेक हौशी संग्राहक सुटा, डबीविना अंकच घेतात. ते पुढच्या-मागच्या कव्हरांचे, मधल्या पिनांचे आणि छापील किमतीचे फोटो मागतात आणि पानांची मोजणी करायला सांगतात. चिकटपट्टी ओढून काढू नये, गंजलेली पिन बदलू नये, शाईचे नाव खोडरबराने घासू नये. प्रत्येक ‘सुधारणा’ किंमत उतरवते. बाइंड केलेला ग्रंथ असेल तर तो उसवू नये. गुणांच्या बाजारात तो बाद आहे, पण मराठी वेताळ सलग वाचायला मिळावा म्हणून असे गठ्ठेच शोधणारे वाचक आहेत, आणि त्यांना कापलेल्या कडांचे काही वाटत नाही.