गंधक टाकले तरी सामू का हलत नाही?

नागपूर परिसरातली काळी माती दख्खनच्या बेसॉल्ट खडकापासून तयार झाली आहे. तिचा सामू, म्हणजे पीएच, बहुतेक ठिकाणी 7.5 ते 8.5 असतो. अननसाला 4.5 ते 6, स्ट्रॉबेरीला 5.5 ते 6.5 आणि ब्लूबेरीला 4.5 ते 5.5 सामू मानवतो. आकड्यांतले हे अंतर दिसायला किरकोळ वाटते. पण सामूची मोजपट्टी दहाच्या पटीने चालते. 8 वरून 5.5 वर यायचे तर आम्लता तीनशे पटींहून जास्त वाढवावी लागते. नागपुरातल्या जरीपटक्यासारख्या वस्तीत घराच्या कुंपणालगतच्या मातीत बांधकामाचा चुरा आणि सिमेंटचे पोपडे मिसळलेले असले, तर हे अंतर आणखी वाढते.

वाफ्यात मूठभर गंधक मिसळले की काम झाले, हा सर्वांत पसरलेला समज. गंधक आम्लता वाढवते हे खरे, पण ते स्वतः आम्ल नाही. मातीतले काही जिवाणू त्याचे गंधकाम्ल करतात. त्यासाठी ऊब, ओल आणि हवा तिन्ही लागतात, आणि वेळ महिन्यांत मोजावा लागतो. कोरड्या उन्हाळी वाफ्यात किंवा पाणी साचलेल्या चिखलात गंधक नुसते पडून राहते.

खरा अडथळा मात्र मातीतली चुनखडी हा आहे. वाळलेल्या मातीचे ढेकूळ बशीत फोडून त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकावेत. काळ्या चुऱ्यात पांढुरके खडे असतील तर त्यांच्याभोवती बुडबुडे उठतात आणि बारीक चुरचुर ऐकू येते. तो चुना आम्लाला खात असल्याचा आवाज आहे. एक मीटर लांब, एक मीटर रुंद वाफ्यात 15 सेंटिमीटर खोलीपर्यंत सुमारे 200 किलो माती असते. तिच्यात चुनखडी 5 टक्के धरली तरी ती 10 किलो भरते, आणि तेवढी संपवायला सव्वातीन किलोच्या आसपास गंधक लागते. ही चुनखडी शिल्लक असेपर्यंत सामू फारसा खाली येत नाही. शिवाय एवढ्या गंधकातून 17 किलोच्या आसपास जिप्सम तयार होऊन त्याच वाफ्यात राहते आणि क्षार वाढून मुळांना जाच होतो. बुडबुडे उठणाऱ्या जमिनीत गंधकावर पैसे घालू नयेत, हे स्पष्ट सांगायला हवे. बुडबुडे नाहीत आणि सामू 7 च्या जवळपास आहे, अशा मातीत मात्र तेच गंधक चांगले काम करते.

मातीत लिंबाचा रस, व्हिनेगर किंवा लिंबूसत्व ओतण्याचा परिणाम काही दिवसच टिकतो. ही सेंद्रिय आम्ले सूक्ष्मजीव फस्त करतात. वापरलेल्या कॉफीचा चोथा जवळजवळ उदासीन असतो. दूध-साखरेच्या चहाच्या चोथ्याने मुंग्या जमतात, सामू जागचा हलत नाही. कंपोस्टने मातीचा पोत सुधारतो, पण त्याचा स्वतःचा सामू बऱ्याचदा 7 च्या वर असतो. चुलीची राख तर सामू वाढवते. जिप्समविषयीचा गोंधळ जास्त महाग पडतो. सोडियम वाढलेल्या चोपण जमिनीवर ते गुणकारी आहे, चुनखडीच्या जमिनीवर त्याचा या कामी उपयोग नाही. तुरटी आणि हिराकस लवकर आम्लता देतात, पण गंधकाच्या सहा ते नऊ पट लागतात, आणि तुरटीतले अॅल्युमिनियम जास्त झाले की मुळे खुंटतात.

आंबट फळाला आंबट माती लागते, हाही एक समज. फळाचा आंबटपणा झाड स्वतः घडवते. चिंच विदर्भाच्या काळ्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या उभी आहे, आणि आवळा खाऱ्या-चोपण जमिनीतही तग धरतो. नागपुरी संत्रा उदासीनाच्या जवळपासच्या मातीत समाधानी असतो. त्याची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर ती लोहाची टंचाई समजावी. मातीत लोह भरपूर असते, पण चुनखडीमुळे ते मुळांना उचलता येत नाही. जुनी पाने आधी पिवळी पडत असतील तर दोष बहुधा नत्राचा. लोहाच्या टंचाईवर वाफा आंबट करण्यापेक्षा पानांवर लोहाची फवारणी किंवा चिलेटयुक्त लोह देणे सोपे. त्यातही इडीटीए प्रकार चुनखडीच्या मातीत लवकर निकामी होतो, इडीडीएचए टिकतो. खुंटाचाही वाटा मोठा असतो. विदर्भात जंबेरी आणि रंगपूर लिंबाच्या खुंटांवर कलमे बांधतात. त्रिपर्णी खुंट चुनखडीत लवकर पिवळा पडतो, म्हणून रोपवाटिकेत रोपाबरोबर खुंटही विचारावा.

जमिनीत खड्डा करून त्यात आम्लधर्मी मिश्रण भरण्याची युक्तीही फार काळ टिकत नाही. भोवतालचा चुना पाण्याबरोबर आत झिरपतो आणि मुळे खड्ड्याबाहेर गेली की मूळ मातीशीच गाठ पडते. कोकोपीट आणि पानांचे कुजलेले खत भरलेली मोठी कुंडी हा जास्त भरवशाचा मार्ग. मात्र तिचा शत्रू बोअरच्या पाण्यात असतो. लिटरमागे 300 मिलिग्रॅम चुन्याइतकी क्षारता असलेले पाणी रोज दोन लिटर घातले, तर आठ महिन्यांत कुंडीत जवळजवळ दीडशे ग्रॅम चुना पोचतो. कुंडीच्या काठावर धरणारा पांढरा थर त्याचीच खूण. पावसाचे पाणी मुळातच किंचित आम्लधर्मी असते. दहा चौरस मीटर गच्चीवर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर शंभर लिटर मिळते. साठवलेले हे पाणी निदान या कुंड्यांसाठी राखून ठेवावे. अमोनियम सल्फेट अगदी थोड्या प्रमाणात दिल्यास नत्र मिळते आणि सामूही हळूहळू उतरतो.

मोजमापासाठी मातीत खुपसायचे स्वस्त दोन काट्यांचे मीटर भरवशाचे नसतात. एक भाग माती अडीच भाग ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळून थोडा वेळ ठेवावी आणि वरच्या पाण्यात पीएच कागद बुडवावा. प्रयोगशाळेत नमुना दिला तर सामूबरोबर मुक्त चुनखडीचे प्रमाणही मागावे.

सामू जमला तरी नागपूरच्या मे महिन्यातले 45 अंशांचे ऊन उरतेच. ब्लूबेरीच्या बहुतेक जातींना हिवाळ्यात जितका गारवा लागतो, तितका इथे मिळत नाही. स्ट्रॉबेरी ऑक्टोबरात लावून थंडीपुरती घेता येते. अननसाचा शेंडा मात्र अर्ध्या सावलीतल्या कुंडीत रुजतो, वाढतो आणि साधारण दीड-दोन वर्षांत फळावर येतो.