बढती, ज्येष्ठता आणि न्याय

शत्रूच्या राज्यातील कोणती माणसे फोडता येण्याजोगी असतात, याचा विचार कौटिल्याने अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात केलेला आहे. अशा माणसांचे त्याने चार वर्ग कल्पिले आहेत : क्रुद्ध, लुब्ध, भीत आणि मानी. क्रुद्धांच्या वर्गात ज्याचे सर्वस्व हरण केले गेले तो आहे, ज्याला बंधनात क्लेश भोगावे लागले तोही आहे. आणि त्यांच्याच पंक्तीला कौटिल्याने आणखी एकाला बसविले आहे. कौशल्यात किंवा केलेल्या कामगिरीत दोघे जण सारखेच असताना त्यांपैकी ज्याचा अवमान झाला, असा तो मनुष्य होय. या मनुष्याचे कोणी काही हिरावून घेतलेले नाही. त्याचे घर, त्याचे वेतन, त्याचा हुद्दा सारे जागच्या जागी आहे. केवळ त्याच्या बरोबरीचा दुसरा कोणी पुढे नेला गेला आणि तो मागे राहिला. तरीही कारावास भोगलेल्या मनुष्याइतकाच तो राज्याला धोक्याचा आहे, असे त्या व्यवहारदक्ष ग्रंथकाराला वाटले. सरकारी वा खासगी कचेरीत बढतीच्या वेळी डावलल्या गेलेल्या सेवकाचे दुःख समजून घ्यावयाचे तर हे निरीक्षण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. बढती न मिळणे आणि बढतीत डावलले जाणे या दोन गोष्टी एक नव्हेत. प्रत्येक खात्याची रचना देवळाच्या शिखरासारखी असते. खाली विस्तार, वर निमुळते टोक. एखाद्या कचेरीत चाळीस कारकून, आठ अव्वल कारकून आणि दोन अधीक्षक आहेत असे मानले, तर चाळिसांपैकी बहुतेकांना अधीक्षकाच्या खुर्चीचा लाभ होणार नाही, हे नेमणुकीच्या दिवशीच ठरून गेलेले असते. हा गणिताचा निर्णय होय. त्यात कोणाचा अवमान नाही. डावलले जाणे याचा अर्थ मात्र असा की, जागा रिकामी होती, ज्येष्ठतेच्या यादीत नाव वर होते, आणि तरीही खालचे नाव उचलले गेले. काल ज्याचे टिपण आपण तपासून दिले त्याच्याच टेबलावर उद्यापासून आपले टिपण मंजुरीसाठी जावयाचे, आणि त्याने वाटलेला पेढा हसतमुखाने खावयाचा, हा प्रसंग त्या सेवकावर येतो. पगारातील तफावत पुष्कळदा थोडी असते. परंतु कचेरीतील सहकारी, घरची माणसे आणि शेजारीपाजारी या सर्वांच्या मनात त्या दिवसापासून एक प्रश्न उभा राहतो : याच्यात काय कमी होते? आणि त्या प्रश्नाचे उत्तर खुद्द त्या सेवकालाच ठाऊक नसते.

हा प्रसंग कोणावर येऊच नये अशी व्यवस्था करणे अवघड नाही. केवळ ज्येष्ठता पाहावी म्हणजे झाले. हिंदुस्थानात हा मार्ग फार पूर्वी अनुसरला गेला. ईस्ट इंडिया कंपनीच्या १७९३ च्या सनदी कायद्याने कंपनीच्या मुलकी नोकरांच्या बढतीत ज्येष्ठतेचे तत्त्व घालून दिले. त्यामागे कंपनीच्या कारभारातील वशिलेबाजीची पार्श्वभूमी होती. नातलग, आश्रित आणि मर्जीतील माणसे यांची वर्णी लावण्याच्या प्रवृत्तीला पायबंद घालण्यास सेवेच्या वर्षांइतके निर्विवाद माप दुसरे नव्हते. कारण सेवेत दाखल झाल्याची तारीख कोणाच्या लहरीने बदलत नाही. ज्येष्ठतेचा मोठा गुण हाच की, तिच्यापुढे खुशामत चालत नाही.

परंतु तिचा दोषही तितकाच उघड आहे. वर्षे मोजली की कामाचा कस पाहण्याची गरज उरत नाही. एकाच वर्षाचा अनुभव वीस वेळा घेतलेला मनुष्य आणि वीस वर्षे शिकत राहिलेला मनुष्य यांना ज्येष्ठतेचे माप सारखेच लेखते. जलद चालणाऱ्यास थांबविले तर तो खाते सोडून जातो किंवा चालणेच सोडून देतो. शिवाय सरकारी खाते हे सेवकांसाठी नसून जनतेसाठी असते. धरणाचा अभियंता किंवा रुग्णालयाचा प्रमुख केवळ वयाने मोठा असून भागत नाही. म्हणून गुणवत्तेचा विचार आलाच पाहिजे. आणि गुणवत्ता आली की कोणाला तरी निवड करावी लागते. निवड आली की कोणीतरी डावलला जातो.

या दोन तत्त्वांचा मेळ घालण्यासाठी आपल्याकडील सेवानियमांत दोन सूत्रे रूढ झालेली आहेत. त्यांची नावे कानांना सारखी वाटतात, परंतु त्यांचा अर्थ निराळा आहे. ‘ज्येष्ठता-सह-गुणवत्ता’ या सूत्रात पदासाठी लागणारी किमान पात्रता प्रथम पाहिली जाते. ती ज्यांच्यापाशी आहे त्यांच्यात मग ज्येष्ठ तो पुढे जातो, जरी कनिष्ठ अधिक हुशार असला तरी. ‘गुणवत्ता-सह-ज्येष्ठता’ या सूत्रात क्रम उलटा होतो. गुणवत्ता प्रधान मानली जाते, आणि दोघांचे गुण जवळजवळ सारखे ठरले तरच ज्येष्ठता तराजूत टाकली जाते. आपल्या पदाला यांपैकी कोणते सूत्र लागू आहे हे पुष्कळ सेवकांना डावलले जाईपर्यंत माहीत नसते. राजस्थानातील एका ज्येष्ठ पोलीस अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली असे सांगितले की, पोलीस महानिरीक्षकाचे पद हे निवडीचे पद आहे, आणि निवडीच्या पदावर केवळ ज्येष्ठतेच्या बळावर हक्क सांगता येत नाही.

मग डावललेल्या सेवकाला हक्क म्हणून उरते तरी काय? याचे उत्तर न्यायालयांनी हळूहळू घडविले. म्हैसूर राज्यातील काही सांख्यिकी सहायकांचा बढतीसाठी विचारच केला गेला नव्हता. त्यांच्या प्रकरणात १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, न्यायालयाने स्वतः बढती देऊ नये. मात्र त्यांचा विचार करण्याचा आदेश राज्याला द्यावा. पुढे १९९९ साली पंजाबमधील अजितसिंग प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केले की, पात्र सेवकाचा बढतीसाठी विचार होणे हा संविधानाच्या अनुच्छेद १६ खालील मूलभूत हक्क होय. आणि मे २०२४ मध्ये गुजरातेतील जिल्हा न्यायाधीशांच्या नेमणुकांसंबंधी निर्णय देताना त्याच न्यायालयाने सांगितले की, बढतीचे निकष संविधानाने घालून दिलेले नाहीत. ते ठरविणे विधिमंडळाचे आणि शासनाचे काम आहे, आणि बढती हा कोणाचा अंगभूत हक्क नव्हे. सारांश, बढती मिळण्याचा हक्क कोणाला नाही. समानतेने विचार होण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. वरवर पाहता हा हक्क फार तोकडा वाटतो. वस्तुतः विचार खरोखर झाला किंवा नाही हे पाहू लागले की त्याची व्याप्ती ध्यानात येते.

कारण विचार कशाच्या आधारे व्हावयाचा? विभागीय पदोन्नती समितीपुढे माणूस येत नाही. त्याचे कागद येतात. त्या कागदांत सर्वांत वजनदार कागद म्हणजे वरिष्ठाने दरवर्षी लिहिलेला गोपनीय अहवाल. या अहवालाचे वैशिष्ट्य त्याच्या नावातच होते. तो ज्याच्याविषयी लिहिला जाई त्यालाच तो दिसत नसे. केवळ प्रतिकूल शेरा असेल तर तो कळवावा, अशी प्रथा होती, आणि तीही सर्वत्र पाळली जात नसे. १९७९ साली पंजाबमधील गुरदयालसिंग फिज्जी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, जो प्रतिकूल शेरा सेवकाला कळविलाच नाही, ज्याला उत्तर देण्याची संधी त्याला मिळालीच नाही, त्याच्या आधारे त्याची बढती नाकारता येत नाही.

तरीही एक चोरवाट उरलीच होती. सीमावर्ती रस्त्यांच्या अभियांत्रिकी सेवेतील देव दत्त या कार्यकारी अभियंत्याचे प्रकरण या दृष्टीने बोधप्रद आहे. अधीक्षक अभियंत्याच्या पदासाठी मागील पाच वर्षांचे अहवाल ‘अतिशय चांगला’ या प्रतीचे असणे आवश्यक होते. यांपैकी १९९३-९४ या एका वर्षी त्याला ‘चांगला’ असा शेरा मिळालेला होता. ‘चांगला’ हा शब्द कोणीही निंदेचा मानणार नाही. म्हणून तो त्याला कळविण्यात आला नव्हता. परंतु त्याच एका शब्दाने त्याची बढती अडली आणि त्याचे कनिष्ठ पुढे गेले. सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २००८ रोजी निर्णय दिला की, शेऱ्याचे नाव काय यापेक्षा त्याचा परिणाम काय हे पाहिले पाहिजे. आणि म्हणून प्रत्येक शेरा, मग तो चांगला असो वा वाईट, सेवकाला कळविलाच पाहिजे. निर्णय लागला तेव्हा हा अभियंता सेवानिवृत्त झालेला होता. शेरा कळवून त्याचे निवेदन घ्यावे, आणि तो उंचावला गेल्यास पूर्वलक्षी बढतीचा विचार करून वेतनाचा फरक व निवृत्तिवेतन द्यावे, असा आदेश झाला. ज्या खुर्चीसाठी वाद होता तीवर बसण्याचे दिवस मात्र कोणत्याही आदेशाने परत येणारे नव्हते.

या निर्णयानंतर केंद्र सरकारने मे २००९ मध्ये आदेश काढून २००८-०९ या वर्षापासूनचा संपूर्ण वार्षिक अहवाल सेवकाला दाखविण्याची आणि त्यावर पंधरा दिवसांत निवेदन करू देण्याची व्यवस्था केली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने सुखदेवसिंग प्रकरणात देव दत्त निर्णयावर शिक्कामोर्तब केले. गोपनीय अहवालातील गोपनीयता अशा रीतीने संपुष्टात आली.

इतर बाजूंनीही हा घाव सौम्य करण्याचे प्रयत्न झाले. फेब्रुवारी २००२ च्या आदेशाने केंद्र सरकारने आपल्या निवडीच्या पदांसाठी एक ठरावीक प्रत निश्चित करून सेवकांना केवळ ‘योग्य’ किंवा ‘अयोग्य’ ठरविण्याची पद्धत घातली. जे योग्य ठरतील ते आपापल्या ज्येष्ठतेनेच यादीत राहतात. अधिक गुण मिळालेला कनिष्ठ त्यांच्यावरून उडी मारीत नाही. ज्या सेवकावर शिस्तभंगाची कारवाई चालू आहे त्याच्याविषयीचा समितीचा निष्कर्ष मोहोरबंद लिफाफ्यात ठेवला जातो. नुसती तक्रार किंवा प्राथमिक चौकशी एवढ्यावरून हा लिफाफा वापरता येत नाही. आरोपपत्र बजावलेले असले पाहिजे, असे १९९१ च्या जानकीरामन प्रकरणात ठरले. आणि जागाच नसल्यामुळे वर्षानुवर्षे एकाच पदावर राहणाऱ्यांसाठी १९९९ साली बारा आणि चोवीस वर्षांच्या सेवेनंतर वरची वेतनश्रेणी देण्याची योजना आली. १ सप्टेंबर २००८ पासून हे टप्पे दहा, वीस आणि तीस वर्षांचे झाले. पगार वाढतो, पदनाम तेच राहते. ही योजना उपकारक आहे यात शंका नाही. तथापि तिने पैशाची उणीव भरून निघते, मानाची नव्हे. दाराबाहेरील पाटी बदलत नाही, आणि माणसाला पुष्कळदा त्या पाटीचीच आस असते.

उच्च पदांवरील माणसांनी अशा प्रसंगी काय केले हे सर्वश्रुत आहे. एप्रिल १९७३ मध्ये शेलत, हेगडे आणि ग्रोवर या तीन न्यायमूर्तींना डावलून सरन्यायाधीशांची नेमणूक झाली, तेव्हा तिघांनीही राजीनामे दिले. जानेवारी १९७७ मध्ये न्यायमूर्ती ह. रा. खन्ना यांनी तेच केले. आणीबाणीतील व्यक्तिस्वातंत्र्याच्या खटल्यात त्यांनी एकट्याने भिन्नमत नोंदविल्याला तेव्हा वर्षही झालेले नव्हते. १९८३ साली जनरल अरुणकुमार वैद्य लष्करप्रमुख झाले तेव्हा त्यांना ज्येष्ठ असलेले लेफ्टनंट जनरल श्री. कु. सिन्हा यांनी निवृत्ती पत्करली, आणि पुढे आसाम व जम्मू-काश्मीर या राज्यांचे राज्यपालपद भूषविले. याउलट २०१६ च्या डिसेंबरात लष्करप्रमुखपदासाठी दोघा ज्येष्ठ सेनानींना बाजूला ठेवण्यात आले, तेव्हा ते दोघेही आपली मुदत संपेपर्यंत सेवेत राहिले. राजीनाम्यात तेज आहे; राहण्यातही एक प्रकारचे धैर्य आहे.

परंतु तालुक्याच्या कचेरीतील अव्वल कारकुनाला असा पर्याय नसतो. मुलांची शिक्षणे, घराचे हप्ते, वृद्ध आईबाप यांचा भार डोक्यावर असताना राजीनामा ही त्याला न परवडणारी चैन होय. त्याला दुसऱ्या दिवशी साडेदहाला त्याच टेबलाशी बसावयाचे असते. त्याच्यासमोर कायद्याचा मार्ग आहे : लागू असलेला नियम पाहावा, आपले अहवाल पाहावेत, मुदतीत निवेदन करावे, आणि त्याने भागले नाही तर प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जावे. १९८५ च्या कायद्याने ही न्यायाधिकरणे याच कामासाठी निर्माण झालेली आहेत. परंतु हा मार्ग लांबचा आहे, आणि त्यावर चालणाऱ्याची निवृत्ती कधी कधी निकालाच्या आधी येते.

म्हणून खरा उपाय न्यायालयात नसून वरिष्ठाच्या खोलीत आहे. देव दत्त प्रकरणात आठ-दहा ओळींचे एक पत्र वेळीच गेले असते, तर पंधरा वर्षांचा वाद वाचला असता. ज्याची निवड झाली नाही त्याला बोलावून, का झाली नाही, कोठे उणे पडले आणि पुढील खेपेस काय पाहिले जाईल, हे सांगण्याचे काम कोणत्याही नियमावलीने वरिष्ठाला पूर्णपणे शिकविलेले नाही. ते अवघड आहे. यादी फलकावर लावून आपल्या खोलीत निघून जाणे सोपे आहे. पण ज्याला कारण कळते त्याला निदान त्या कारणाशी झगडता येते. ते खोटे असेल तर खोडून काढता येते, खरे असेल तर सुधारता येते. ज्याला ते कळत नाही तो कारण स्वतःच रचतो, आणि त्यात जात, मर्जी, वशिला, स्वतःचा नाकर्तेपणा असे सारे काही येते. असा मनुष्य पुढची दहा-पंधरा वर्षे त्या कचेरीत काम करणार असतो. लोकांचे अर्ज त्याच्याच हातून पुढे सरकणार असतात. त्याला सांगितलेल्या किंवा न सांगितलेल्या चार वाक्यांचा परिणाम अखेर त्या अर्जदारांपर्यंत पोहोचतो.