डोंगरावरील निरोप्या

रेडिओ म्हटला म्हणजे आपल्यापैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें एकच चित्र उभें राहतें. दूरच्या केंद्रावर कोणी गातो, कोणी बातम्या सांगतो, आणि आपण घरीं बसून तें ऐकतों. त्या पेटीस उलट उत्तर देण्याची सोय नाहीं. परंतु रेडिओचा दुसराही एक प्रकार आहे, व त्यांत ऐकणारा आणि बोलणारा हे दोघेही सारख्याच मानाचे असतात. शिक्षक, दुकानदार, डॉक्टर, विद्यार्थी, निवृत्त कारकून अशीं साधीं माणसें सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवितात, घरीं लहानसें बिनतारी केंद्र उभारतात, आणि पैशाची अपेक्षा न धरतां एकमेकांशीं बोलतात. जगभर यांस 'हॅम' म्हणतात; आपण त्यांस हौशी रेडिओवाले म्हणूं. हिंदुस्थानांत असा पहिला परवाना १९२१ सालीं अमरेंद्रचंद्र गुप्त यांस मिळाला, म्हणजे ही हौस आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे.

आतां प्रश्न असा कीं, यवतमाळ जिल्ह्यांत बसून हे लोक कसे सांपडावयाचे? नवशिके सर्वत्र एकच तक्रार करितात: यंत्र आणलें, लावलें, परंतु सारा शुकशुकाट, एक शब्द ऐकूं येत नाहीं. या शुकशुकाटाचें कारण समजून घेण्यासारखें आहे, व तेंच आम्ही येथें सांगूं इच्छितों.

जवळपासच्या संभाषणासाठीं आपल्या देशांत हौशी लोकांस १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा दिलेला आहे. या लाटांची लांबी सुमारें दोन मीटर. त्या प्रकाशासारख्या जवळजवळ सरळ जातात. पृथ्वीच्या गोलाईआड किंवा डोंगराआड फारशा वळत नाहींत. किती दूर जातील याचा एक सोपा हिशेब आहे. अँटेना जमिनीपासून जितके मीटर उंच, त्या संख्येचें वर्गमूळ काढावें व त्यास ४.१२ नीं गुणावें. येईल तितके किलोमीटर त्याची दृष्टि समजावी. हातांतील यंत्राची उंची दीड मीटर धरली तर उत्तर पांच येतें. अशीं दोन माणसें सपाट मुलुखांत उभीं राहिलीं तर फार तर दहा किलोमीटरांवरून बोलतील, आणि मध्यें घरें-झाडें आलीं तर तेवढेंही नाहीं. नऊ मीटर उंच गच्चीवरून बारा किलोमीटर. पण भोंवतालच्या मुलुखाहून सव्वादोनशें मीटर उंच अशा टेकडीवर अँटेना बसविला तर त्या टेकडीची दृष्टि बासष्ट किलोमीटरांपर्यंत पोहोंचते.

येथेंच रिपीटरची युक्ति सुचली. रिपीटर म्हणजे टेकडीवर किंवा उंच मनोऱ्यावर ठेवलेला निरोप्या. तो स्वतः कांहीं बोलत नाहीं. एका कानानें ऐकतो आणि त्याच क्षणीं तेंच मोठ्यानें सांगतो. वर सांगितलेल्या टेकडीच्या एका बाजूस चौऱ्याहत्तर किलोमीटरांवर एक गच्ची असेल व दुसऱ्या बाजूस तितक्याच अंतरावर दुसरी, तर हे दोघे एकमेकांशीं सुखानें बोलूं शकतात, म्हणजे जवळजवळ यवतमाळ-नागपुराइतक्या अंतरावरून. आमच्या जिल्ह्यास ही युक्ति विशेष लागू पडते. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ४४५ मीटर उंचीवर आहे. वणीकडे जातां जातां मुलुख वर्धेच्या खोऱ्यांत उतरतो. पुसद तर डोंगरांनीं वेढलेलें. अशा चढउताराच्या प्रदेशांत गच्चीवरून गच्चीशीं बोलण्याची आशा व्यर्थ आहे. उंचावरचा मध्यस्थ हवाच.

हा मध्यस्थ एकाच वेळीं ऐकतो व बोलतो, म्हणून त्यास दोन निरनिराळे कंपनांक लागतात. एकच असता तर त्याचाच आवाज त्याच्या कानांत घुमला असता. या पट्ट्यांत दोहोंमधील अंतर बहुधा ०.६ मेगाहर्ट्झ असतें. तो १४५.६०० वर बोलत असेल तर १४५.००० वर ऐकतो. हे आंकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. शिवाय पुष्कळ रिपीटरांच्या दाराशीं एक पहारेकरी असतो. बोलणाऱ्याच्या आवाजाबरोबर त्याच्या यंत्रानें एक ठराविक, अगदीं मंद सूर पाठविला तरच दार उघडतें. नवशिका हा सूर लावावयास विसरतो, तासभर हांका मारतो, आणि रिपीटर मेला असें ठरवून यंत्र फडताळांत ठेवून देतो. रिपीटर मात्र जागाच असतो.

आतां शोधण्याविषयीं. रिपीटरांच्या याद्या हौशी मंडळांकडे मिळतात. परवानाधारकांस विचारल्यास ते आनंदानें देतात. तथापि यादी हा पुरावा नव्हे. टेकडीवरील बॅटरी उतरते, वीज पडते, माकडें तारा ओढतात, सांभाळणाऱ्याची बदली होते, आणि यादींतील नांव मात्र तसेंच राहतें. खरा पुरावा कानांनींच मिळवावा लागतो. परवानाधारकानें बटन दाबून आपली खूण, म्हणजे सरकारनें दिलेलें अक्षरांचें नांव, स्पष्ट सांगावी व बटन सोडावें. सोडल्यावर क्षणभर मंद खरखर किंवा लहानशी घंटी ऐकूं आली तर निरोप्या जिवंत आहे. कांहीं रिपीटर अधूनमधून मोर्सच्या टिंब-रेघांत आपलें नांवही सांगतात. खूण न सांगतां नुसतें बटन दाबून पाहण्याची खोड पुष्कळांस असते. ती दुसऱ्याच्या दारावर थाप मारून पळून जाण्यासारखी आहे.

रिपीटर जिवंत, तरीही शांतता, असें दिवसाचे कित्येक तास असतें. याचें कारण विलक्षण साधें आहे. दहा जण आपापल्या घरीं यंत्र लावून दुसऱ्या कोणी बोलण्याची वाट पाहत असतात, आणि अकरावा तेंच करितो. आमचा असा समज आहे कीं, पुष्कळ रिपीटर यंत्राच्या बिघाडापेक्षां या संकोचानेंच मुके झाले असावेत. रिपीटरवर लांबलचक आवाहनाची गरज नसते. आपली खूण सांगून 'ऐकत आहें' एवढें म्हटलें कीं पुरे. एकदां उत्तर आलें नाहीं तर अर्ध्या तासानें पुन्हां, दुसऱ्या दिवशीं पुन्हां. सकाळीं कामावर जाण्यापूर्वींची व संध्याकाळीं परतल्यानंतरची वेळ चांगली. लोक तेव्हां मोकळे असतात. याशिवाय ठरलेल्या वेळच्या सभा भरतात. त्यांस 'नेट' म्हणतात. एक जण सूत्रधार असतो, तो पाळीपाळीनें प्रत्येकास बोलावतो. मोठ्या शहरांतील नेटची वेळ कळली, तर शांततेंत दहा दिवस घालविण्यापेक्षां त्या अर्ध्या तासांत अधिक सांपडतें. बोलतांना दोन वाक्यांमध्यें क्षणभर जागा सोडावी. एखाद्यास तांतडीचा निरोप द्यावयाचा असला तर त्यानें त्या फटींत शिरावें.

अँटेन्याचीही गोष्ट सांगावयास हवी. यंत्राबरोबर येणारी रबरी शेंडी बाजारांत फिरण्यापुरती ठीक. गच्चीवर सुमारें ४९ सेंटिमीटरची उभी तार व तिच्या बुडाशीं तितक्याच लांबीच्या चार तिरप्या तारा एवढें लावलें तरी जमीन-अस्मानाचा फरक पडतो. एकाच दिशेला कान लावावयाचा असेल, उदाहरणार्थ नागपूर किंवा अमरावतीकडे, तर जपानच्या यागी व उदा यांच्या नांवाचा काड्यांचा अँटेना लावावा. पूर्वीं दूरदर्शनसाठीं घरोघर छपरावर जो दिसे, तो त्याच जातीचा. हिवाळ्याच्या पहांटे जमिनीलगतची हवा थंड व वरची उबदार अशी स्थिति झाली, तर या लाटा त्या थरांत अडकून एरवीं न पोहोंचणाऱ्या अंतरावर जातात. तेव्हां थंडींत लवकर उठणाऱ्यास अकल्पित लाभ होण्याचा संभव असतो.

ज्या विद्यार्थ्यांपाशीं परवाना नाहीं, त्यांनीं काय करावें? त्यांनीं ऐकावें. संगणकास जोडावयाचा बोटाएवढा ग्राहक मिळतो. त्यानें पडद्यावर हा दोन मेगाहर्ट्झचा सबंध पट्टा एकदम दिसतो, आणि कोठेंही कोणी बोलूं लागला कीं तेथें एक उजळ रेघ उमटते. जवळ वही ठेवावी. तारीख, वेळ, कंपनांक, ऐकलेली खूण व आवाजाचा जोर लिहावा. महिन्याभरांत त्या वहींतून आपल्या गच्चीचा स्वभाव कळूं लागतो. बोलण्याचें यंत्र मात्र परवाना हातीं येईपर्यंत घेऊं नये, व पालकांनीं तें घेऊन देऊं नये. परीक्षा फार अवघड नाहीं. वयाचीं बारा वर्षें पूर्ण झालेल्यास ती देतां येते. विजेचें व रेडिओचें मूलज्ञान आणि नियम हे तिचे विषय. मर्यादित वर्गाच्या खुणा सामान्यतः 'व्हीयू-३' नें आणि सर्वसाधारण वर्गाच्या 'व्हीयू-२' नें आरंभ होतात.

एवढा खटाटोप, खिशांत मोबाइल असतांना, कशासाठीं? हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. २२ जुलै २०२३ रोजीं आमच्याच जिल्ह्यांत, महागाव तालुक्यांतील आनंदनगर तांडा येथें, माणसें पुरांत अडकून पडलीं व त्यांच्या सुटकेसाठीं हवाई दलाचीं हेलिकॉप्टरें मागविण्यांत आलीं. अशा वेळीं कोण कोठें आहे, पाणी चढतें आहे कीं उतरतें, हा निरोप वेळेवर जाणें हीच निम्मी मदत होय. मोबाइलचे मनोरे पुष्कळ असतात, पण ते विजेवर व दूरवरच्या तारांवर अवलंबून असतात. टेकडीवरचा एकटा रिपीटर बॅटरीवर चालतो, आणि त्यास दुसऱ्या कोणाची मध्यस्थी लागत नाहीं. मात्र यांत एक अट आहे. जो रिपीटर वर्षभर कोणी वापरला नाहीं, त्याची बॅटरी उतरली आहे हें पुराच्या रात्रींच कळतें. रोज संध्याकाळीं त्यावर पाऊसपाण्याच्या गप्पा मारणारी चार माणसें हीच त्याची देखभाल.

२००४ सालच्या डिसेंबरांत याचा दाखला मिळाला, जरी तेथें रिपीटर नव्हता, लांब पल्ल्याचा लघुलहरी रेडिओ होता. हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद व त्यांचे सोबती अंदमानांतून परदेशांशीं बोलण्याच्या हौसेनें पोर्ट ब्लेअरला गेले होते. २६ डिसेंबरला भूकंप व त्सुनामी झाली, टेलिफोन बंद पडले, आणि या हौशी केंद्रावरून मुख्य भूमीकडे निरोप जाऊं लागले. केंद्र आधींपासून चालू होतें, माणसें यंत्रापाशीं बसलेलीं होतीं, म्हणूनच हें साधलें.

जेथून कोणताच रिपीटर पोहोंचत नाहीं अशा गांवच्या विद्यार्थ्यांनींही निराश होऊं नये. कारण टेकडीपेक्षांही उंच निरोपे आहेत. ५ मे २००५ रोजीं श्रीहरिकोट्याहून 'हॅमसॅट' नांवाचा सुमारें साडेबेचाळीस किलो वजनाचा उपग्रह हौशी लोकांसाठीं आकाशांत गेला व जुलै २०१४ पर्यंत निरोप पोहोंचवीत राहिला. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर सप्टेंबर २०२० मध्यें असाच एक रिपीटर सुरू झाला. तो १४५.९९० वर ऐकतो व ४३७.८०० मेगाहर्ट्झवर बोलतो. स्थानक सुमारें चारशें किलोमीटर उंचीवरून जातें, म्हणून पुसदचे डोंगर त्याच्या आड येत नाहींत. अंतराळवीरांच्या कामांसाठीं तो कधीं कधीं बंद ठेवतात, व एका फेरींत तो फार तर दहा मिनिटें ऐकूं येतो. स्थानक जवळ येत असतांना त्याचा कंपनांक किंचित चढलेला भासतो. आगगाडीच्या शिटीचा होतो तसाच हा प्रकार. म्हणून आरंभीं ४३७.८१० वर कान लावावा, डोक्यावर येतांच ४३७.८०० वर यावें, आणि तें दूर जाऊं लागलें कीं ४३७.७९० पर्यंत उतरावें. एका फेरींत कांहीं सांपडलें नाहीं तर अँटेना उतरवूं नये. पुष्कळदां सुमारें दीड तासानें तें पुन्हां क्षितिजावर येतें.