संध्याकाळची वीज

वर्धा नदीच्या खोऱ्यातील दगडी कोळसा २५ कोटी वर्षांहूनही जुना आहे. दलदलीत गाडल्या गेलेल्या अरण्यांनी त्या काळी जे सूर्यतेज साठविले, तेच आज चंद्रपूरच्या औष्णिक विद्युत्-केंद्रात मोकळे होते. भट्टीत कोळशाची पूड जळते, पाण्याची वाफ होते आणि तिच्या रेट्याने प्रचंड चक्रे फिरू लागतात. या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे.

अलीकडे दिवसा सौर वीजही मिळू लागली आहे. ती धूर ओकत नाही, राख टाकीत नाही. मग या भट्ट्या विझवून का टाकू नयेत? अडचण आहे ती सूर्यास्ताची. सूर्य मावळतो, नेमके तेव्हाच घरोघर दिवे लागतात. आणि वीज काही कणगीतल्या धान्यासारखी तारांत साठवून ठेवता येत नाही. ज्या क्षणी ती हवी, त्याच क्षणी ती निर्माण व्हावी लागते.

म्हणून दुपारी मागे सरावे व सायंकाळी पुन्हा पुढे यावे, असे नवे काम कोळशाच्या वाट्याला आले आहे. सांगावयास हे सोपे. पण बाष्पपात्राला ते मानवत नाही. थंड पडलेले बाष्पपात्र पुरते तापावयास कित्येक तास लागतात. घाई केली, तर त्याचे जाड पोलादी भाग तापून-निवून शिणतात व त्यांना तडे जातात. यास्तव दुपारी भट्टी विझवीत नाहीत, नुसती मंद ठेवतात. पूर्वी गृहिणी राखेखाली निखारा झाकून ठेवीत, तशातलाच हा प्रकार! मात्र आच फारच उतरली, तर ज्योत डळमळू लागते आणि तिला तेलाचा आधार द्यावा लागतो.

या मंद विस्तवाचाही धूर होतोच. चंद्रपूरकरांनी महाराष्ट्राच्या दिव्यांची किंमत वर्षानुवर्षे धुळीने आणि राखेने मोजली आहे. तरीही तेथील कित्येक घरांची चूल याच कोळशावर पेटते, हेही विसरून चालणार नाही.

कोयनेची जलचक्रे काही मिनिटांत वेग घेतात; पण त्या पाण्याला शेतीसारखे दुसरेही वाटेकरी आहेत. घाटघरची युक्ती निराळी आहे. तेथे एक जलाशय सह्याद्रीच्या माथ्यावर, तर दुसरा पायथ्याशी आहे. विजेची मागणी कमी असते, तेव्हा पाणी वर चढवितात. मागणी वाढली, की ते खाली सोडून वीज घेतात. या चढउतारात थोडी वीज खर्ची पडते खरी, पण उरलेली हव्या त्या वेळी हाती येते. घाटघरची क्षमता २५० मेगावॉट आहे. चंद्रपूरच्या तुलनेत ती बाराव्या हिश्श्याहून थोडीशीच अधिक आहे. असे साठे वाढेपर्यंत चंद्रपूरचा विस्तव दुपारी मंद आणि दिवेलागणीला प्रखर होत राहील.