महासंगणक आणि शिकलेला हात



खडकवासल्याशी पुणेकराचे नाते दोन गोष्टींनी जडलेले आहे. एक घरच्या नळाचे पाणी, आणि दुसरी 12 जुलै 1961 ची आठवण. त्या दिवशी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे धरणही फुटले आणि मुठेकाठची वस्ती पाण्याखाली गेली. त्याच खडकवासल्यास आज केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे. 1916 साली स्थापन झालेली ही संस्था. नद्या, बंदरे, सांडवे यांच्या लहान प्रतिकृती उभ्या करावयाच्या, त्यांत खरे पाणी सोडावयाचे आणि त्याची चाल पाहावयाची, हे तेथील जुने काम. आता त्याच्या जोडीला गणिती प्रतिकृती आल्या आहेत. पाणी अंकांत मांडले जाते, आणि ते अंक दळण्यास संगणक लागतो.

मी कामगार चळवळीतला माणूस. कॉलेजची पायरी मी चढलेलो नाही. जे काही वाचले ते पाळी संपल्यावर. मग महासंगणकावर मी का बोलावे? कारण हा प्रश्न मुळात यंत्राचा आणि ते चालविणाऱ्या हाताचा आहे, आणि तो मला चांगला परिचयाचा आहे.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात संगणकाने चालणारा लेथ आला. लाखोंचे यंत्र! त्याला हारतुरे झाले, नारळ फुटला. कामगाराच्या हाती मात्र इंग्रजी पुस्तक देऊन सांगण्यात आले, 'वाचून शीक.' महिन्याच्या आत एक आकडा चुकला, हत्यार चकवर आदळले, आणि आरोपपत्र मिळाले ते कामगाराला. चौकशीत त्याच्या बाजूने मी उभा होतो. मी एवढेच विचारले, 'यंत्राला पैसे होते, मग शिकविण्याला का नव्हते?' उत्तर मिळाले नाही.

आता आपल्या शहराकडे पाहा. 1988 साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 साली 'परम 8000' तयार झाला. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत 2024 साली 'अर्क' आला. त्याची शक्ती 11.77 पेटाफ्लॉप्स. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतकी गणिते! पैसा अर्थातच तुमचाआमचा.

पण हा वेग एका वेगवान यंत्राचा नव्हे. हजारो गणनयंत्रे एकत्र राबतात, तेव्हा तो साधतो. नदीचे हजार तुकडे करून एकेक तुकडा एकेकाला वाटून दिला, असे समजा. प्रत्येकाला आपल्या हद्दीवरचे पाणी शेजाऱ्याला क्षणोक्षणी कळवावे लागते. एकाच्या वाट्याला अवघड वळण आले, तर बाकीचे हात जोडून बसतात. कालवा खणणाऱ्या टोळीत हेच घडते.

शिवाय वाटता न येणारे कामही असते. दहा तासांच्या कामात एक तास असा असेल, तर उरलेले नऊ तास नव्वद हातांत वाटून एकूण वेळ एक तास सहा मिनिटांवर येतो. नऊशे हात लावले, तर एक तास छत्तीस सेकंद. एका तासाखाली तो कधीच येणार नाही! जीन ॲमडाल यांनी 1967 साली हा मुद्दा मांडला. जो शास्त्रज्ञ हे शिकलेला नाही, तो हजार हात मागतो, नव्वदांचेही काम करून घेत नाही, आणि मागची रांग तिष्ठत राहते.

म्हणून त्याला हत्यारे शिकवावी लागतात. काम रांगेत कसे लावावे, कोणत्या पायरीवर वेळ खर्ची पडतो हे मोजणारी साधने कशी वापरावी, मध्येच वीज गेली तर झालेले काम कसे राखावे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उत्तर बरोबर आहे की नाही हे कसे ताडून पाहावे. चुकीचे उत्तर लवकर मिळाले, तर त्यावर बांधलेला सांडवा काही बरोबर होत नाही.

अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळेत 1998 साली ग्रेग विल्सन आणि ब्रेंट गोर्डा यांनी शास्त्रज्ञांसाठी असे वर्ग सुरू केले. त्या उपक्रमाला पुढे नाव मिळाले ते 'सॉफ्टवेअर कार्पेंट्री', म्हणजे चक्क सुतारकाम! शिकविणारा सर्वांसमोर एकेक आज्ञा लिहितो, शिकणारा बरोबरीने लिहितो, चुकतो, सुधारतो. आमच्या कारखान्यातला उमेदवार उस्तादाशेजारी उभा राहून हेच करीत असे. आपल्याकडेही 2015 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय महासंगणन मोहिमेने माणसे शिकविणे हे आपले एक उद्दिष्ट मानले आणि गोव्याच्या आयआयटीसारख्या संस्थांकडे शिक्षणाची केंद्रे दिली. ही योग्य दिशा आहे.

परंतु दोन दिवसांच्या वर्गाने कारागीर घडत नाही. वर्गानंतर अडले तर विचारावयास जवळ जाणता माणूस हवा, त्याची नोकरी टिकाऊ हवी, आणि शिकण्याचे तास कामाचेच तास म्हणून धरले गेले पाहिजेत. कामगारासाठी आम्ही जे मागितले, तेच शास्त्रज्ञासाठी मागण्यात मला संकोच वाटत नाही.

नव्या महासंगणकाची बातमी वाचाल, तेव्हा त्याचा वेग जरूर पाहा. पण त्याला जोडून एक प्रश्न विचारा : तो चालवावयास किती जणांना शिकविले, आणि त्यांना शिकण्यास वेळ किती दिला? एवढे बोलून मी आपली रजा घेतो.