एकच हिशेब, यंत्रागणिक उत्तर

सालेकसा तालुक्यातल्या धानाच्या पोत्याचे वजन ४०.१ किलो असे संगणकात नोंदवले, तरी आत ते तंतोतंत बसत नाही. १/३ दशमानात ०.३३३… असा लांबत जातो, तसाच ०.१ द्विमानात कधीच संपत नाही; तो कुठेतरी तोडावा लागतो.

कुठे तोडायचा, हे यंत्रावर ठरते. नेहमीच्या ६४ बिटांच्या संख्येत सुमारे १५-१६ अंक विश्वासाने मावतात. इंटेलच्या ८०८७ या गणिती चिपने १९८० साली ८० बिटांची विस्तारित संख्या आणली. तिच्यात १८-१९ अंक बसतात. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली बांधलेल्या ‘परम ८०००’ या महासंगणकातील ट्रान्सप्युटर चिपची सोय मात्र ६४ बिटांपर्यंतच होती.

आजही सी भाषेतला ‘लाँग डबल’ हा प्रकार इंटेलवरच्या लिनक्सवर ८० बिटांचा, मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये ६४ बिटांचा, तर ६४ बिटी एआरएम लिनक्सवर १२८ बिटांचा असतो. म्हणून एकाच प्रोग्रॅमचे शेवटचे अंक यंत्रागणिक बदलू शकतात. पोत्यांच्या वजनात हा फरक नगण्य. हवामानाच्या लाखो पायऱ्यांच्या गणितात तो फुगत जातो.

उपाय सोपे आहेत: रुपयांचा हिशेब पैशांच्या पूर्णांकांत ठेवावा आणि दोन उत्तरे ताडताना किंचित फरकाला जागा द्यावी.